खाडीकाठी प्रशिक्षण भरवताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

तुम्ही एखाद्या संस्थेत नव्याने रुजू झाला आहात, ग्रामपंचायतीवर निवडून आला आहात किंवा बचत गटांच्या प्रभाग संघाचं काम बघता. आणि कुणीतरी तुमच्या हातात कागद ठेवलाय: ‘एकात्मिक किनारा व्यवस्थापन, क्षमता बांधणी प्रशिक्षण, तीन दिवस, तीस प्रशिक्षणार्थी.’ पुढे काय करायचं ते त्या कागदावर नसतं. मला बारा वर्षांपूर्वी असाच कागद मिळाला होता. तेव्हापासून सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगडच्या खाड्यांवर हेच काम करते आहे. सुरुवातीला कुणी सांगायला हवं होतं असं जे जे वाटलं, ते इथे लिहिते.

आधी ‘एकात्मिक’ या शब्दाचं बघू. खाडीच्या तोंडाशी उभे राहा. एकाच नजरेत रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे दिसतील, धक्क्याला लागलेले ट्रॉलर दिसतील, ओहोटीला कमरेत वाकून तिसऱ्या (चिखलातले शिंपले) काढणाऱ्या बायका दिसतील, खारबांधामागची, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधामागची, भातशेती दिसेल आणि सुरूच्या बनात पर्यटकांची घरं दिसतील. प्रत्येकाचं खातं वेगळं, कायदा वेगळा. पाणी मात्र एकच. धूप थांबवायला एका वाडीसमोर दगडी बंधारा घातला, तर वाळूची वाट बदलते आणि पुढच्या वाडीची पुळण (वाळूचा किनारा) खचायला लागते. या सगळ्यांचा एकत्र विचार करून निर्णय घेणं म्हणजे एकात्मिक व्यवस्थापन. १९९२ साली रिओच्या परिषदेत ठरलेल्या कार्यक्रमाचं सतरावं प्रकरण समुद्र आणि किनाऱ्यांबद्दल आहे. त्यात ही कल्पना सगळ्या देशांनी मान्य केली. आपल्याकडे २०१० पासून गुजरात, ओडिशा आणि पश्चिम बंगालमध्ये जागतिक बँकेच्या मदतीने त्यावर मोठा प्रकल्प झाला. पण तुमच्या प्रशिक्षणात पहिल्या तासाला रिओ सांगत बसू नका. खाडी दाखवा.

१. आधी खाडी निवडा, गावं त्यानंतर

सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. उत्तर काठ रायगड जिल्ह्यात, दक्षिण काठ रत्नागिरीत. बागमांडल्याहून जंगलजेट्टीत बसलं की माणूस गाडीसकट थोड्याच वेळात पलीकडे वेसवीला उतरतो. मासा तर तेवढाही वेळ घेत नाही. प्रशिक्षणाची यादी मात्र जिल्ह्याप्रमाणे निघते, आणि अर्धी खाडी बाहेर राहते.

म्हणून पहिल्या आठवड्यात कागदावर खाडी काढा: तोंडापासून खारं पाणी आत जिथवर पोचतं तिथवर, दोन्ही काठांसकट. खारं पाणी कुठवर येतं हे विचारायला तज्ज्ञ लागत नाही. उन्हाळ्यात कुठल्या वाडीच्या विहिरी मचूळ होतात आणि शेवटचं तिवराचं (खारफुटीचं) झाड कुठे आहे, एवढं विचारा. त्या टापूतल्या सगळ्या वाड्यांची नावं लिहा. ग्रामपंचायती त्यानंतर मोजा.

२. एक प्रश्न ठरवा

माझ्या पहिल्या प्रशिक्षणाचं नाव ‘सागरी परिसंस्था व जैवविविधता’ होतं. बाहेरून आलेले व्याख्याते चांगले होते, चित्रंही सुंदर होती. चहाच्या सुट्टीत एका शेतकरी बाईंनी विचारलं, “आमच्या उघाडीचं दार दोन वर्षं मोडलेलं आहे, त्याचं कोणाकडे सांगायचं?” आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, आणि त्यांच्या वाडीतलंही कुणी आलं नाही.

ज्यांनी उघाडी बघितली नसेल त्यांच्यासाठी: खारबांधाला ठरावीक ठिकाणी दारं असतात. भरतीचं पाणी दाराला बाहेरून ढकलतं आणि दार बंद होतं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ते उघडून खाडीत जातं. साधी, हुशार योजना. दारात एक ओंडका अडकला की मात्र उधाणाचं खारं पाणी शेतात शिरतं, आणि जमिनीतलं मीठ धुऊन जायला नुसता एक पाऊस पुरत नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारटपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत, पनवेल-१, २, ३ अशा. पण उघाडीच मोडकी असेल तर त्यांनी किती तोलून धरायचं?

त्यामुळे तारीख ठरवण्याआधी तीन-चार वाड्यांत जाऊन बसा आणि लोकांच्या तोंडून प्रश्न घ्या. ‘उधाणाला पाणी वाडीत शिरतं.’ ‘तिसऱ्या मिळेनाशा झाल्या.’ ‘एकाच धक्क्यावर पर्यटकांच्या होड्या आणि आमच्या होड्या.’ त्यातला एक प्रश्न मध्यभागी ठेवा आणि तीन दिवसांची सगळी सत्रं त्याच्याभोवती बांधा. बाकीचे प्रश्न त्याच्या मागोमाग येतातच.

३. माणसं: कोण येतं आणि कोण राहून जातं

तीस म्हणजे तीसच. पन्नास झाले की सभा होते, आणि सभेत नेहमी बोलणारेच बोलतात.

यादी करताना सर्वात मोठी चूक म्हणजे मच्छीमार सहकारी संस्थेकडून नावं मागून तीच यादी अंतिम धरणं. संस्थेत बहुतेक होड्या-जाळीवाले असतात. तिसऱ्या, मुळे, कालवं काढणाऱ्या बायकांकडे होडी नसते, म्हणून त्या यादीत नसतात. पण खाडीच्या चिखलाची इंचन्‌इंच माहिती त्यांनाच असते. मासळी विकणाऱ्या बायका पहाटे बाजाराला जातात, त्यांना सकाळी दहाचं सत्र कधीच जमत नाही. आणि ट्रॉलरवरचे खलाशी? त्यांच्यात नेपाळहून आलेली मुलंही असतात. वादळाच्या सूचना समजण्याची सर्वात जास्त गरज त्यांना, आणि बोलावणं मात्र फक्त मालकाला जातं.

मी साधारण अशी वाटणी करते: मासेमारी करणारे आठ (त्यात रापणकर आणि खलाशी आलेच पाहिजेत), खाडीत शिंपले काढणाऱ्या आणि मासळी विकणाऱ्या बायका आठ, खारजमिनीचे शेतकरी पाच, पर्यटनातले चार, ग्रामपंचायत आणि शाळेतले पाच. आकडे तुमच्या खाडीप्रमाणे बदला. अर्ध्या बायका असतील एवढं मात्र सोडू नका.

रापणकर आणि यांत्रिक जाळीवाले यांच्यात जुना ताण आहे. २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनवर (माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यावर) निर्बंध आले तरी तो निवळलेला नाही. दोघांनाही बोलवा, पण पहिल्या दिवशी समोरासमोर बसवून वाद काढू नका. आधी एकत्र चिखलात चालू द्या.

४. दिवस आणि वेळ भरती-ओहोटीवरून काढा

माझ्या मते बहुतेक प्रशिक्षणं इथेच फसतात.

आधी हंगाम. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून सगळे म्हणतात ‘जून-जुलै घ्या’. होडीवाले मोकळे असतात हे खरं, पण तेव्हा खारशेतीतले लोक पेरणी-लावणीत असतात. मार्चमध्ये निधी संपवायची घाई असते, म्हणून सर्वांत जास्त प्रशिक्षणं मार्चमध्येच होतात. नेमका तेव्हा शिमगा असतो आणि आंबा सुरू झालेला असतो. मे महिना पर्यटकांचा. माझा अनुभव असा की कार्यक्रम दोन तुकड्यांत करावा: घरात बसून करायचं सगळं जुलैअखेरीस लावणी आटोपल्यावर, आणि खाडीत उतरायचं ते डिसेंबर ते फेब्रुवारीत. पैसे देणाऱ्यांना हे सुरुवातीलाच लेखी कळवा. मागाहून सांगितलं की अडचण होते.

आता दिवस. कोकणात पूर्वापार एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. षष्ठीला साडेचार. ओहोटी त्यापासून सहा तास आणि वर थोडी मिनिटं. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचं.

खाडीफेरीसाठी सकाळची खोल ओहोटी हवी. हिशेब करून बघा: द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे सकाळची ओहोटी साडेसात-पावणेआठला. तृतीयेला साडेआठच्या आसपास. तेव्हा उधाणाचा जोरही असतो, म्हणून पाणी लांबवर उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. तो दिवस फेरीला घेतला तर तुम्ही काठावर उभे राहून पाणी बघत बसाल.

हिशेब केल्यावर छापील कोष्टकाशी ताडून बघा. भारतीय सर्वेक्षण विभाग भरतीची कोष्टकं काढतो, आणि हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचे अंदाजही मिळतात. कोष्टक बंदराचं असतं. खाडीत आत जाल तसा पाण्याला उशीर होतो. किती, ते होडीवाल्यांना विचारा. दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, हेही कोष्टकावरून कळतं.

५. कागदपत्रं आणि साहित्य

महिनाभर आधी गोळा करायला घ्या. सरकारी कागदाला वेळ लागतो.

- गावनकाशे, भूमी अभिलेख कार्यालयातून. दोन्ही काठांचे.
- किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचे तुमच्या भागाचे नकाशे. महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे असतात. रंगीत आणि मोठे छापून घ्या.
- खारबांध आणि उघाड्यांची यादी, खारभूमी विकास विभागाकडून.
- ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही आणि आपत्ती व्यवस्थापन आराखडा. पुष्कळदा कपाटात बंद असतात. काढायला लावा.
- तीन महिन्यांचं भरतीचं कोष्टक.
- साहित्य: दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या, दोन मीटर सुतळी, मोजपट्टी, जाड रंगीत खडू, रांगोळी, मोठा कागद, वही, पेन्सिल. चिखलात आणि पावसात पेनाची शाई फुटते.
- होडीत जितकी माणसं, तितकी जीवरक्षक जाकिटं. यात तडजोड नको.
- प्रथमोपचार पेटी. कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. अनवाणी कुणालाही खडपात उतरू देऊ नका.

६. पहिला दिवस: नकाशा

सभागृहातल्या खुर्च्या बाजूला करा. अंगणात किंवा ओसरीवर दोन गट बसवा, बायकांचा वेगळा आणि पुरुषांचा वेगळा, आणि दोघांना एकच खाडी रांगोळीने काढायला सांगा. तुम्ही गप्प राहा. हे कठीण जातं, पण राहा.

एका ठिकाणचं सांगते. पुरुषांनी काढलेल्या नकाशात समुद्र मोठा होता, धक्का आणि होड्या ठसठशीत होत्या, आणि खाडी म्हणजे दोन रेघा. बायकांच्या नकाशात समुद्र कडेला गेला होता आणि खाडीच्या पोटात अकरा वाळूचे दांडे आणि चिखलाचे पट्टे होते, प्रत्येकाला नाव. जिथे तिसऱ्या मिळतात तिथे एकीने चिंचोके ठेवले. दुसरीने त्यातले निम्मे उचलले आणि म्हणाली, “आता एवढंच.” पुरुष उठून बघायला आले आणि कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. पुढच्या तीन दिवसांची चर्चा त्या उचललेल्या चिंचोक्यांवरून झाली.

दुपारी सरकारी नकाशा शेजारी अंथरा आणि त्याचं माप समजावून सांगा. आराखड्याचे नकाशे साधारण १:२५,००० मापाचे असतात. म्हणजे नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर. जाड पेनाने रेघ मारली तर तिच्याखाली अख्खं घर जाईल. खाडीकाठचा पन्नास मीटरचा पट्टा या नकाशावर जेमतेम दोन मिलिमीटर भरतो. ‘माझं घर रेषेच्या आत की बाहेर?’ याचं उत्तर या नकाशावर बोट ठेवून देऊ नका, मग समोरचा कितीही आग्रह करो. त्यासाठी १:४,००० मापाचा, सर्व्हे नंबर दाखवणारा नकाशा लागतो आणि तो अधिकृत संस्थेकडूनच करून घ्यावा लागतो.

७. दुसरा दिवस: चिखलात आणि पुळणीवर

ओहोटीच्या तासभर आधी निघा, म्हणजे पाणी उतरत असताना चालता येईल आणि चढायच्या आत परत फिरता येईल. पुढे वाट दाखवायला तिसऱ्या काढणाऱ्या बाईंना ठेवा. पाय कुठे रुततो ते त्यांना माहीत असतं.

कांदळवनात, म्हणजे खारफुटीच्या जंगलात, झाडं ओळखायला शिकवा: तिवर, कांदळ, चिप्पी. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. पण ओळखीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं हे बघणं. बऱ्याच ठिकाणी नुसता अडलेला ओहोळ मोकळा केला की बी आपोआप येऊन रुजतं.

इथे माझी एक चूक सांगते, कारण ती अजूनही ठिकठिकाणी होते. आम्ही एकदा प्रशिक्षणाच्या शेवटी उघड्या चिखलाच्या पट्ट्यावर कांदळाची रोपं लावली. फोटो सुंदर आले. तो पट्टा रिकामा नव्हता. तिसऱ्यांची ती जागा होती, आणि बायकांना आम्ही विचारलंच नव्हतं. वर्षभरात बहुतेक रोपं बारीक शिंपल्यांच्या भाराने आणि लाटांनी गेली, आणि रोवलेल्या काठ्यांमुळे बायकांना तिथे हात घालता येईना. जिथे कांदळ आपोआप उगवत नाही तिथे ते का उगवत नाही, हे आधी शोधा. उघडा चिखल ही पडीक जागा नव्हे. कायद्यातही जिवंत चिखलपट्ट्यांना कांदळवनाच्याच रांगेत संरक्षण आहे.

नंतर पुळण. वाळू वाढते की खचते हे मोजायची एक सोपी रीत आहे. दोन काठ्यांवर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा. किनाऱ्यावर न हलणारी एक जागा निवडा, देवळाचा कोपरा किंवा कंपाउंडचा खांब. एक काठी तिथे उभी धरा, दुसरी सुतळी ताणून समुद्राच्या बाजूला. मागच्या काठीशी उभं राहून पुढच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेघेला टेकलेलं दिसेल अशी नजर लावा. ती नजर मागच्या काठीला वरून किती सेंटिमीटरवर छेदते ते वाचा. तेवढा उतार. पुढे चढ असेल तर उलट: मागच्या काठीचं टोक आणि क्षितिज जुळवा आणि पुढच्या काठीवर वाचा. मग मागची काठी पुढच्या जागी आणा, असं पाण्यापर्यंत जा. आकडे वहीत ओळीने लिहा, आलेख घरी काढता येतो. आठवीतली मुलं हे अर्ध्या तासात शिकतात आणि मोठ्यांपेक्षा नेमकं वाचतात.

यातला सापळा असा: पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि नंतरच्या शांत महिन्यांत ती बरीचशी परत येते. ऑगस्टमधला एक फोटो दाखवून ‘समुद्र गाव गिळतो’ म्हणणं चुकीचं. निदान वर्षभर, दर महिन्याला एकाच तिथीला, एकाच जागेवरून मोजलं तरच धूप आहे की नाही ते कळतं. देवबागसारख्या ठिकाणी, जिथे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र आहे, असं मोजमाप लोकांच्या हातात असणं फार मोलाचं आहे. बंधारा मागायचा की नाही, कुठे मागायचा, हे मग आकड्यांवर बोलता येतं. पुळणीवरची मर्यादावेल आणि केवडा वाळू धरून ठेवतात. पर्यटकांसाठी जागा ‘साफ’ करताना आधी यांच्यावरच कुदळ चालते, तेही तिथल्या तिथे दाखवा.

८. तिसरा दिवस: कोणतं खातं, कोणता कायदा, काय ठरलं

सकाळी एकच तक्ता करा, लोकांकडूनच भरून घ्या. कांदळवन: वन विभागाचा कांदळवन कक्ष. मासेमारी आणि परवाने: मत्स्यव्यवसाय विभाग. धक्के आणि प्रवासी होड्या: महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड. खारबांध: खारभूमी विकास विभाग. वाळूउपसा: महसूल, म्हणजे तहसीलदार. वादळ-पूर: तहसीलदार आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण. प्रत्येकासमोर तुमच्या तालुक्यातल्या कार्यालयाचा पत्ता आणि बसण्याचा वार लिहा. उघाडीच्या बाईंना मला त्या दिवशी द्यायला हवा होता तो हाच कागद.

मग सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांचं आणि कामांचं नियमन करणारं क्षेत्र. पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, आणि आता १८ जानेवारी २०१९ ची. समुद्राच्या भरती रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटर हा पट्टा सगळ्यांना पाठ असतो. खाडीचा नियम वेगळा आहे हे पुष्कळांना माहीत नसतं: २०११ मध्ये १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते, आणि २०१९ मध्ये ५० मीटर किंवा रुंदी. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा राखीव पट्टा असतो. आचरा-रत्नागिरी आणि मालवण हे पट्टे अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत आहेत. तिथल्या नियोजनात स्थानिकांचा सहभाग धरलेला आहे.

तीन ठिकाणी लोक हमखास चुकतात.

पहिलं, जुनी अधिसूचना वाचून नव्याबद्दल बोलणं. नवी अधिसूचना जिल्ह्यात लागू होते ती तिच्याप्रमाणे केलेला आराखडा मंजूर झाल्यावर. प्रशिक्षणाच्या आठवडाभर आधी प्राधिकरणाकडे सद्यस्थिती तपासा.

दुसरं, उधाणाला पाणी आलं तीच भरती रेषा असं समजणं. रेषा चेन्नईचं राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्र आखतं. नकाशावर ‘धोका रेषा’ वेगळी असते, ती आपत्तीच्या नियोजनासाठी.

तिसरं, तक्रार फक्त मुंबईला करायची असं मानणं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते आणि तिच्यात पारंपरिक किनारी समाजाचे निदान तीन प्रतिनिधी असले पाहिजेत. तुमच्या जिल्ह्यात ते कोण आहेत, हे तीसही जणांना कळू द्या.

मासेमारीच्या कायद्यासाठी मी लाकडी पट्टी वापरते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवली. तुमच्या बंदरावर येणाऱ्या आठ-दहा जातींच्या खुणा पट्टीवर करून प्रत्येक गटाला द्या. ती पट्टी टोपलीजवळ राहते, पत्रक राहत नाही.

दुपारचं सत्र निर्णयाचं. कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त तीन निर्णय. प्रत्येकापुढे चार रकाने: काय, कोण, कधीपर्यंत, खर्च कुणाचा. ‘जनजागृती करणे’ असं लिहू देऊ नका. ‘मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सात उघाड्यांची दारं तपासणे, जबाबदारी अमुक तीन शेतकऱ्यांची’ असं लिहा. ‘दोन दांड्यांवर पुढचे तीन महिने बारीक तिसऱ्या न काढणे’ असं लिहा, पण ते काढणाऱ्या बायकांनी स्वतः ठरवलं असेल तरच. हा कागद पुढच्या ग्रामसभेत ठराव म्हणून मांडायचा. खाडीला तीन ग्रामपंचायती लागत असतील तर तिन्हीकडे, एकाच मसुद्यात.

९. मार्गदर्शक कुठून आणायचे

रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे आणि दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ. कांदळवन प्रतिष्ठान खेकडेपालन, कालवंपालन, मधमाशीपालन अशा उपजीविकांचं प्रशिक्षण देतं. हरित हवामान निधीच्या मदतीने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशात चाललेल्या किनारी प्रकल्पातही गावपातळीवर असं काम झालं आहे. गोव्याला दोनापावल इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे.

बाहेरच्या पाहुण्याला जास्तीत जास्त पाऊण तास द्या आणि त्यांच्यासोबत गावातला एक जाणकार बसवा. पाहुणे सांगतील ते खाडीत कुठे दिसतं, ते दाखवणं जाणकाराचं काम. आणि शिकलेल्या गावांकडून शिकायला न्या. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला होडीतून कांदळवन सफर चालवतात. वेळासला २००२ पासून कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू आहे आणि पर्यटक गावातल्याच घरांत राहतात. एका मच्छीमार बाईने दुसरीला हिशेबाची वही उघडून दाखवली की आमच्या दहा व्याख्यानांचं काम होतं.

१०. खर्च

जेवण, होड्या, छपाई, मार्गदर्शकांचा प्रवास हे सगळे धरतात. बुडालेली मजुरी कुणी धरत नाही. ज्या बाईची तीन ओहोट्यांची कमाई जाणार आहे, तिला ती अंदाजपत्रकातूनच द्या आणि रोख किंवा खात्यात लगेच द्या. पैसे नसतील तर सत्रं अर्ध्या दिवसाची करा.

११. प्रशिक्षण झाल्यावर

पंधराव्या दिवशी फोन, तिसऱ्या महिन्यात भेट, वर्ष झाल्यावर पुन्हा नकाशा. या तीन तारखा शेवटच्या दिवशीच भिंतीवरच्या कालनिर्णयात सगळ्यांसमोर लिहा, तिथीसकट.

वादळाची साखळी या भेटींच्या वेळीच तपासा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मोबाइलची सेवा कोलमडली. जिथे कोण कुणाच्या दारी जाऊन सांगणार हे आधी ठरलेलं असतं, तिथे निरोप पोचतो. धोक्याचा इशारा आल्यापासून शेवटच्या घरापर्यंत कोण जाणार, त्याचं नाव विचारा. समोरच्याला आठवून सांगावं लागलं, तर साखळी अजून तयार नाही.

तिसऱ्या महिन्याची भेट द्वितीया-तृतीयेच्या सकाळी ठेवा आणि येताना काठ्या घेऊन या. पोचल्यावर आधी पुळणीच्या मोजमापाची वही मागा. ती ग्रामपंचायतीच्या कपाटातून निघाली तर पानं बहुधा कोरी असतील. मग चहाला न थांबता ज्यांनी काठ्या धरल्या होत्या त्या मुलांना शोधा आणि पाणी चढायच्या आत त्यांच्यासोबत पुन्हा एकदा मोजा. वही या वेळी त्यांच्यापैकी एकाच्या घरी ठेवा.